पगार तिकडचा, मत कुठलं?

वर्धा जिल्ह्यात कुणाचा मुलगा अमेरिकेला किंवा कुणाची मुलगी जर्मनीला निघाली की घरात आणि पारावर दोनच हिशेब मांडले जातात. पहिला पॅकेजचा: रुपयांत किती, शिक्षणाचं कर्ज किती वर्षांत फिटेल, नागपुरात फ्लॅट कधी होईल. दुसरा जिवाचा: म्हातारपणी आईबापांकडे कोण बघणार, नातवंडांना मराठी येईल का, पोळ्याला दारात बैलजोडी आली तर ओवाळायला घरात कोण असेल. दोन्ही हिशेब खरे आहेत, पण त्यांत एक रकाना कायम कोरा राहतो. ज्या देशात हातपाय चालते असतानाची सगळी वर्षं घालवायची, तिथल्या कारभारात आपला शब्द चालणार का, आणि मागे सोडलेल्या गावात तो उरणार का, हे कुणी विचारत नाही. माझ्या मते परदेशवासाचा नफा-तोटा मुख्यतः याच रकान्यात ठरतो. पगार आणि आठवणी त्याच्या मागून येतात.

हा प्रश्न वर्ध्याला नवा नाही. जिल्ह्यातून परदेशी गेलेल्या माणसांत सर्वात मोठं नाव पांडुरंग सदाशिव खानखोजे यांचं, आणि ते जिल्ह्यातल्याच अनेकांना ठाऊक नाही. १८८०च्या दशकात वर्ध्यात जन्मलेला हा मुलगा विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात क्रांतीच्या ध्यासानं देशाबाहेर पडला, जपानमार्गे अमेरिकेला पोचला, तिथं शेतीशास्त्र शिकला आणि परदेशस्थ भारतीयांच्या क्रांतिकारी गदर चळवळीच्या उभारणीत उतरला. पहिल्या महायुद्धात तो इराणच्या भूमीवर इंग्रजांशी लढला. युद्धानंतर बर्लिन आणि मॉस्को करून १९२४ मध्ये तो मेक्सिकोला गेला आणि त्यानं पुढची तीन दशकं तिथंच काढली. चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात ते प्राध्यापक झाले, मक्याच्या सुधारित जाती तयार केल्या, शेतकऱ्यांच्या पोरांसाठी मोफत कृषिशाळा काढल्या. त्या शाळांच्या कामाची छायाचित्रं टीना मोदोत्तीनं काढली. चित्रकार दिएगो रिवेरानं मेक्सिको सिटीतल्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर रंगवलेल्या एका चित्रात भाकर मोडून वाटणारा माणूस आहे, आणि तो चेहरा खानखोजेंचा असल्याचं मानलं जातं. बेल्जियमच्या बाईशी त्यांनी लग्न केलं, मुली तिथंच जन्मल्या. २०२२ मध्ये लोकसभा अध्यक्षांनी चापिंगोच्या विद्यापीठात त्यांच्या पुतळ्याचं अनावरण केलं, तेव्हा आपल्याकडच्या वर्तमानपत्रांना वाचकांसाठी हे गृहस्थ कोण ते पहिल्यापासून सांगावं लागलं.

यावर आक्षेप सरळ आहे: खानखोजे असामान्य होते, त्यांच्या मापानं एखाद्या सॉफ्टवेअरवाल्याला किंवा परिचारिकेला कसं मोजायचं? मोजू नयेच. पण त्यांच्या गोष्टीत असामान्य एकटा माणूस नव्हता, यजमान देशही होता. मेक्सिकोत नुकतीच क्रांती होऊन गेली होती. मोठ्या जमीनदारांच्या जमिनी वाटल्या जात होत्या, पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या शेतात राबलेल्या माणसाच्या हाती पहिल्यांदा स्वतःचं रान येत होतं आणि त्याला शेती शिकवणारं कुणीतरी हवं होतं. अशा वेळी आलेल्या परक्याला त्या देशानं नोकरी दिली आणि तिच्यासोबत शाळा काढायचा, धोरणात बोलायचा, खेड्यापाड्यांत लोकांना संघटित करायचा अधिकारही दिला. याआधीच्या देशांत खानखोजे याच गुणांचे, याच जिद्दीचे होते, पण तिथं त्यांची किंमत ब्रिटिशांविरुद्ध उपयोगी पडणारा माणूस एवढीच होती. माणूस तोच राहिला आणि देश बदलल्यावर परदेशवासाचा अर्थच पालटला. म्हणून ‘परदेश चांगला की वाईट’ हा प्रश्न मला निरर्थक वाटतो. कुठला देश, कुठल्या काळात, आणि तो येणाऱ्याला किती जागा देतो, एवढंच विचारण्यासारखं आहे.

उलट बाजूनं, म्हणजे परदेशातून इथं आलेल्यांकडे, पाहायचं तर सेवाग्रामइतकं चांगलं ठिकाण देशात क्वचितच सापडेल. १९३६ मध्ये गांधीजी शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, राहायला आले, त्याआधी तिथं मीराबेन पोचल्या होत्या. ब्रिटिश आरमारातल्या ॲडमिरलची ही मुलगी, मूळ नाव मॅडलिन स्लेड. आज देशोदेशीचे पर्यटक जी बापू कुटी बघतात ती आधी तिची झोपडी होती. श्रीलंकेचे आर्यनायकम् पत्नी आशादेवींसह नई तालीमचा संसार चालवत होते. मार्जोरी साइक्स या इंग्रज क्वेकर बाईंनी १९४९ पासून सुमारे दशकभर तिथं शिक्षक घडवले आणि भारताचं नागरिकत्वही घेतलं. पोलंडचे इंजिनिअर मॉरिस फ्रिडमन यांची धनुष तकली खादीवाल्यांनी उचलली. यातलं कुणी इथं पाहुणा म्हणून राहिलं नाही. मीराबेन तर १९४२ मध्ये गांधीजींबरोबर पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्धही झाल्या. एखाद्या गावानं परक्याला आपल्या भांडणात सामील होऊ द्यावं, त्यासाठी तुरुंगातही जाऊ द्यावं, यापेक्षा मोठा स्वीकार कुठला? आणि त्या बदल्यात त्यांचं बरंच गेलं: नातेवाईक, भाषा, हवामान, तब्येत. विदर्भाचा मे महिना लंडनच्या माणसाला काय करतो हे सांगायला नको. तरी त्यांच्या आयुष्याकडे पाहून कुणी ते वाया गेलं म्हणत नाही.

पण सेवाग्रामातलाच आणखी एक परदेशी या चित्राची दुसरी बाजू दाखवतो. जपानी भिक्षू निचिदात्सू फुजी १९३३ मध्ये वर्ध्यात गांधीजींना भेटले. त्यांच्या पंथाचा एक तरुण भिक्षू पुढे आश्रमातच राहू लागला, लोक त्याला केशव म्हणत. तो पडेल ते काम करी, ढोलकी वाजवत प्रार्थना म्हणे. डिसेंबर १९४१ मध्ये जपाननं ब्रिटनविरुद्ध युद्ध पुकारलं आणि पोलिसांनी त्याला आश्रमातून नेलं. त्यानं काहीच केलेलं नव्हतं, त्याचा पासपोर्ट मात्र शत्रूचा झाला होता. १९४२ मध्ये जपानी जनतेला उद्देशून लिहिलेल्या पत्रात गांधीजींनी या सहकाऱ्याची आठवण काढली, त्याचा मंत्र आणि ढोलकी मागे राहिल्याचं सांगितलं. ती प्रार्थना सेवाग्राममध्ये पुढेही चालू राहिली. परदेशी राहणाऱ्याची खरी अडचण मला इथं दिसते. तो तिथं किती मिसळला, किती उपयोगी पडला, शेजाऱ्यांना किती आवडतो, यानं त्याचं स्थान पक्कं होत नाही. दोन सरकारांत बिनसलं की गावाचं मत विचारायला कुणी येत नाही, कागद पाहिला जातो.

आजच्या परदेशवासाला हेच लावून पाहावं. अमेरिकेतल्या एच-वन-बी व्हिसावर आपली हजारो मुलं आहेत. या व्हिसाची मुदत मुळात ६ वर्षांची. ग्रीन कार्डाच्या रांगेत नाव लागलं तर ती वाढत जाते, पण रोजगारावर मिळणाऱ्या ग्रीन कार्डांत कुठल्याही एका देशाच्या वाट्याला वर्षाला साधारण ७ टक्क्यांहून जास्त येत नाहीत. भारतासारख्या देशासाठी ती रांग दशकांची होते. मध्येच नोकरी गेली तर नवी शोधायला साधारण ६० दिवस मिळतात. सोबत नेलेलं मूल २१ वर्षांचं झालं की आईबापांच्या अर्जाचा आधार सुटतो, आणि त्याच शाळेत शिकून मोठं झालेल्या पोराला स्वतःचा वेगळा व्हिसा शोधावा लागतो. सप्टेंबर २०२५ मध्ये एका घोषणेनं नव्या एच-वन-बी अर्जांवर १ लाख डॉलरचं शुल्क बसलं, तेव्हा ज्यांना ते लागू नव्हतं त्यांनीही धास्तीनं विमानांची तिकिटं रद्द केली. पंधरा वर्षं कर भरलेला, घर घेतलेला, शाळेच्या समितीत बसणारा माणूस एका सहीनं इतका हादरतो, कारण त्या सहीवर त्याचं मत नसतं. आखातात तर हक्क देण्याचा आव आणायचीही गरज पडत नाही: संयुक्त अरब अमिरातीत आता दीर्घ मुदतीचा गोल्डन व्हिसा मिळतो, पण तो फक्त राहण्याची मुभा देतो. तिथं तीस वर्षं दुकान चालवणाऱ्याच्या मुलालाही त्या देशाचा नागरिक होण्याची वाट जवळपास बंदच असते.

‘पोट आधी, मतबित नंतर’ हा आक्षेप इथं सर्वात जड आहे, आणि तो झटकून टाकणारा माणूस हिंगणघाट किंवा समुद्रपूरच्या कपाशीच्या वावरात कधी उभा राहिला नसावा. भाव पडला, बोंडअळी आली, पाऊस चुकला की वर्षाचं गणित कोलमडतं. अशा घरातल्या मुलाला ‘तिथल्या नगरपालिकेत तुझं मत असेल का’ असं विचारणं थट्टाच वाटेल. परदेशातून येणाऱ्या पैशाचं मोलही थोडं नाही. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार २०२३-२४ मध्ये देशात आलेल्या अशा रकमेत महाराष्ट्राचा वाटा २०.५ टक्के होता, केरळपेक्षाही किंचित अधिक. त्यातलं वर्ध्याच्या वाट्याला किती आलं हा वेगळा विषय, कारण राज्याचा पैसा मुंबई-पुण्याकडे झुकतो. तरी पगाराला कमी लेखायचं नाही, हे मान्य. माझं म्हणणं एवढंच की पगार किती दिवस टिकेल हेसुद्धा मतावर, म्हणजे हक्कावर, अवलंबून असतं. ज्याला ६० दिवसांत देश सोडावा लागू शकतो तो मालकाशी वाढीव पगारासाठी भांडत नाही, जादा तासांची तक्रार करत नाही, वाईट नोकरी सोडत नाही. हक्काचा अभाव महिनाअखेरीला पगाराच्या आकड्यात उतरतोच.

एका फायद्याबद्दल आपण फार कमी बोलतो, आणि माझ्या दृष्टीनं तो पैशापेक्षा मोठा आहे. ज्या गावात आडनाव सांगितल्याबरोबर माणसाचा पाणवठा, पंगत आणि भाड्यानं मिळणारी खोली ठरत आली, तिथल्या तरुणाला परदेश म्हणजे आडनाव न विचारणारी जागा. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले, तिथल्या बरोबरीच्या वागणुकीचा ठसा त्यांच्यावर कायमचा राहिला. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे, आणि वर्ध्यासारख्या बौद्ध वस्ती मोठी असलेल्या जिल्ह्यात तिची किंमत फक्त पदवीत मोजता येत नाही. एकट्या राहणाऱ्या मुलीलाही हाच मोकळेपणा मिळतो: रात्री उशिरा कामावरून येताना खिडकीआडून कुणी बघत नाही. पण इथंही रकाना तोच आडवा येतो. आपली माणसं जिथं गेली तिथं जातही बॅगेत घालून गेली. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिअॅटलच्या नगरपरिषदेनं जातिभेदाला बंदी घालणारा स्थानिक कायदा केला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानं तसा कायदा मंजूर केला आणि गव्हर्नरांनी तो ऑक्टोबरमध्ये नाकारला. सिअॅटलची लढाई जिंकता आली त्यामागे तिथं मत असलेले, नागरिक झालेले लोकही होते. व्हिसावरचा मुलगा सभेत जायलाही दहादा विचार करतो.

‘सरकारी पैशानं शिकायचं आणि बाहेर जायचं, हा देशद्रोहच’ असंही सेवाग्रामच्या आसपास ऐकू येतं. १९६९ मध्ये डॉ. सुशीला नायर यांनी देशातलं पहिलं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय इथं सुरू केलं ते खेड्याला डॉक्टर मिळावा म्हणून, तेव्हा राग समजू शकतो. ऋण आहेच, आणि ते काही वर्षांच्या ग्रामीण सेवेनं फेडायला लावणं योग्य आहे. पण जाणाऱ्याला बोल लावून गाव भरत नाही. खानखोजे परत येऊ पाहत होते, तर स्वातंत्र्यानंतरही इंग्रजांच्या काळ्या यादीतलं त्यांचं नाव आडवं आलं. ते १९५५ मध्ये नागपुरात कायमचे आले तेव्हा सत्तरीकडे झुकले होते, आणि जानेवारी १९६७ मध्ये वारले. मेक्सिकोच्या मक्याला ज्यानं तीस वर्षं दिली त्याचं ज्ञान विदर्भाच्या ज्वारी-तुरीला देण्याची वेळ निघून गेली होती. तो तोटा त्यांच्या जाण्यानं झाला नाही, परतीचं दार वेळेवर न उघडल्यानं झाला.

दार न उघडण्याची सवय अजूनही पूर्ण गेलेली नाही, आणि लोकांचं जाणंही थांबलेलं नाही. २००१ ते २०११ या दशकात महाराष्ट्राची लोकसंख्या जवळपास १६ टक्क्यांनी वाढली, वर्धा जिल्ह्याची ५ टक्क्यांच्या थोडी वर. त्यात लहान कुटुंबांचा वाटा आहे, पण नागपूर-पुण्याला गेलेल्यांचाही आहे, आणि परदेश त्याच रस्त्याचा पुढचा टप्पा. मागे राहतं ते वावर. परकीय चलन कायद्याच्या नियमांनुसार परदेशस्थ भारतीयाला वारसानं आलेली शेती ठेवता येते, पण शेजारचा तुकडा विकत घेता येत नाही, आणि स्वतःची शेती विकायची तर ती भारतात राहणाऱ्यालाच विकावी लागते. शेतीवर सट्टा नको म्हणून हा नियम आहे आणि त्याला अर्थ आहे. तरी परिणाम असा होतो की बाप असेपर्यंत ठेक्यानं दिलेलं वावर बाप गेल्यावर फेरफारात अडकतं, सातबाऱ्यावर टेक्ससमधला मुलगा आणि सिडनीतली मुलगी ही नावं चढतात, आणि मुखत्यारपत्र कुणाच्या नावानं करायचं यावर भाऊबंद भांडतात. व्हिडिओ कॉलनं अंतर मिटलं म्हणणाऱ्यांनी तलाठ्याच्या कार्यालयात एक फेरी मारून पाहावी. कॉलवर आईची तब्येत विचारता येते, तिला रात्री कस्तुरबा रुग्णालयात घेऊन जाता येत नाही. जमिनीचं भांडण तर बिलकूल सुटत नाही.

मताचंही तसंच. परदेशी राहणाऱ्या भारतीय नागरिकाला मतदार यादीत नाव घालायचा हक्क २०१० च्या दुरुस्तीनं मिळाला, पण मत टाकायला गावच्या केंद्रावर हजर राहावं लागतं. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत अशा मतदारांची नोंद देशभरात सुमारे १ लाख १९ हजार होती. प्रत्यक्ष मतदान केलं ३ हजारांहूनही कमी जणांनी, आणि त्यांतले बहुतेक केरळचे. म्हणजे व्हिसावरचा वर्धेकर अमेरिकेत मत देऊ शकत नाही आणि देवळी-आर्वीत द्यायला येऊ शकत नाही. तिकडे कर भरून तो दोन्हीकडे गप्प. मग २०२२ या एका वर्षात सव्वादोन लाखांहून अधिक भारतीयांनी नागरिकत्व सोडलं याचं आश्चर्य का वाटावं? त्यांना देशाबद्दल प्रेम उरलं नाही असा निष्कर्ष घाईचा आहे. त्यांतल्या अनेकांना राहत्या ठिकाणी मत हवं असेल, आणि आपलं संविधान दोन नागरिकत्वं एकत्र ठेवू देत नाही. ओसीआय कार्ड मिळतं, पण त्यात मत नाही आणि शेती विकत घेणंही नाही.

‘तिकडे राहणाऱ्यानं इथल्या निवडणुकीत लुडबूड का करावी, परिणाम तर आम्ही भोगतो’ हा प्रश्न रास्त आहे. दूर बसलेल्यांचं मत कधीकधी जास्त कडवं आणि कमी माहितीचं असतं, याची उदाहरणं अनेक देशांत आहेत. म्हणून नागरिकत्व सोडलेल्यांना मत द्यावं असं मी म्हणत नाही. पण ज्याचा पासपोर्ट भारताचा आहे, ज्याचे आईबाप इथल्या आरोग्य केंद्रावर विसंबून आहेत, ज्याचं नाव इथल्या सातबाऱ्यावर आहे, तो परिणाम भोगतोच. आणि आता तर सरकार स्वतः पोरांना बाहेर पाठवत आहे: फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रानं जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, पहिल्या टप्प्यात १० हजार परिचारिका, इलेक्ट्रिशियन, वाहनचालक वगैरे पाठवण्याचं ठरलं, भाषा शिकवण्याची तयारीही केली. जर्मनीनं त्याच वर्षी जूनपासून पाच वर्षांनी नागरिकत्व मागण्याची सोय केली आणि जुनं नागरिकत्व सोडण्याची अट काढली. म्हणजे यजमान देश खानखोजेंच्या मेक्सिकोसारखी थोडी जागा द्यायला तयार आहे. वर्ध्याची परिचारिका तिथं मतदार झाली तर तिला इथलं मत सोडावं लागेल ते आपल्या कायद्यामुळे, आणि ती भारतीयच राहिली तर मतासाठी तिला स्टुटगार्टहून विमानानं यावं लागेल तेही आपल्याच नियमामुळे. प्रतिनिधीमार्फत मतदानाचं विधेयक २०१८ मध्ये लोकसभेत मंजूर झालं आणि पुढं लोकसभेची मुदत संपल्यावर बाद झालं. सीमेवरच्या जवानांना आपण मतपत्रिका इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं पाठवतोच. करार करताना कामगारांची संख्या, वेतन आणि भाषेचे वर्ग ठरवणाऱ्या मंत्रालयानं निवडणूक आयोगाकडे तीच सोय या १० हजार जणांसाठी मागायला काय हरकत होती, हे अजून कुणी विधानसभेत विचारलेलं माझ्या ऐकिवात नाही.